तोंड माझं, वाळू मॅडमची

शाहीन बागवान मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई झोपल्यात. दुपारची वेळ, खालच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानातून घरघर येत होती, आणि ह्या कंबरेत वाकून, डावा गाल टेबलावर टेकवून निवांत. माझा नोकरीचा पहिला दिवस. कडक इस्त्रीचा शर्ट घालून मी दारात उभा होतो. म्हणलं, ऑफिस चांगलं निवडलं आपण.

मग दिसलं की त्यांचा एक डोळा उघडा आहे. टेबलभर लांबच लांब कागद पसरला होता. त्यावर काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा. सुतार फळीला बाक आहे का ते कडेवरून बघतो, तशा मॅडम त्या रेघांकडे कडेवरून बघत होत्या. मी खाकरलो. त्यांनी गाल काही उचलला नाही. "पंखा लावू नकोस," म्हणाल्या, "कागद हलतो."

झाली ओळख.

आमचं काम काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर आमच्या करमाळ्यातल्या निम्म्या गल्लीसारखं तुम्हालाही वाटेल की मी पेट्रोल पंपावर आहे. जमिनीला वरून दणका द्यायचा. आवाज खाली जातो, दगडाच्या प्रत्येक थरावर आपटून थोडा थोडा परत येतो. तो वर ऐकायचा आणि त्याचं चित्र काढायचं. जमीन सुरीने उभी कापली तर थर कसे दिसतील, तसं ते चित्र दिसतं. त्याला आम्ही सेक्शन म्हणतो. दणके देणारे वेगळे, ते तिकडे गुजरातच्या उन्हात. आम्ही बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर बसून ते सेक्शन बघायचे आणि सांगायचं, इथे खणा, इथे तेल किंवा गॅस असेल. अशा जागेला प्रॉस्पेक्ट म्हणतात. ऑफिस आपटे सरांचं. एका मोठ्या कंपनीतून रिटायर झाल्यावर त्यांनी ते काढलं. माणसं तीनच. सर, मॅडम आणि मी.

तेल पाण्यापेक्षा हलकं. वाळूच्या दगडाच्या छिद्राछिद्रातून ते वर वर सरकत राहतं, काहीतरी आडवं येईपर्यंत. थर पालथ्या वाटीसारखा वाकलेला असला की त्या वाटीखाली ते साठतं. हा घुमट. सेक्शनवर तो लांबून दिसतो. मला घुमट फार आवडायचे. मॅडमना त्यांच्याविषयी काडीची आस्था नव्हती.

"घुमट शेंबड्या पोरालाही दिसतो," त्या म्हणायच्या. "म्हणून ते सगळे आपल्या आजोबांनी काढून नेले. आपल्या वाट्याला उरलंसुरलं."

हे उरलंसुरलं म्हणजेच त्यांचा जीव की प्राण. कुठे जुन्या नदीचं पात्र चिखलाखाली गाडलं गेलंय. कुठे वाळूचा थर चढावर निमुळता होत होत संपलाय आणि चहूबाजूंनी शेल, म्हणजे चिखलाचा घट्ट दगड, ज्यातून काही झिरपत नाही. तेल चढत चढत त्या टोकाशी येतं आणि अडकतं. छुपा सापळा. सेक्शनवर त्याची खूण म्हणजे एक रेघ बारीक होते आणि मग नसते. कागद समोर धरून बघितला तर कळत नाही. कडेवरून, खालून, कोनात बघितला की लांबी आखडते आणि पुसटसा चढ-उतार उठून दिसतो. म्हणून तो टेबलावरचा गाल. कॉम्प्युटरवर चित्र आखडून घेता येतं, तेही त्या करायच्या. पण शेवटचा कौल गालाचा.

मी तोच कागद, त्याच टेबलावर, तसाच गाल टेकवून बघायचो. मला सनमायकाचा वास यायचा आणि मान आखडायची. मॅडम शेजारी उभ्या राहून म्हणायच्या, "बघ, इथपर्यंत आहे, आणि इथे नाही." ते 'नाही' त्या अगदी तृप्त आवाजात म्हणायच्या. मला 'आहे'सुद्धा दिसलेलं नसायचं.

जळायला तेवढं एकच कारण असतं तर मी निभावून नेलं असतं. पण सर कुणाचा अपमान करायचा असला की 'आपण'वर यायचे. माझा पहिला रंगीत सेक्शन बघून म्हणाले, "छान. दिवाळीत आपण हा दारात काढा." मॅडमना ते कधी 'आपण' म्हणाले नाहीत. त्यांना कायम 'तू'. हा 'तू' मिळावा म्हणून मी काय काय नाही केलं. त्यात मॅडमचं मराठी. शाळेत मराठीत पहिला यायचो मी, आणि मार्केट यार्डातल्या फळवाल्या बागवानांची ही मुलगी, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातली, मला म्हणायची, "पाणी म्हण. णला काय झालंय तुमच्याकडे?" वर वयाने त्या माझ्यापेक्षा चांगल्या मोठ्या. पण अम्मीच्या आजारपणात मधली बरीच वर्षं त्यांनी घरी काढली होती, आणि परत आल्यावर जिथे सोडलं तिथूनच सुरुवात केली होती. त्यामुळे कागदावर आम्ही दोघं एकाच पायरीवर. ही गोष्ट मी स्वतःला अधूनमधून आठवून द्यायचो, जेवणानंतर बडीशेप खावी तशी.

माझ्याकडे एकच हत्यार होतं. मला नकला येतात. सर, खालचा मिक्सरवाला, चहा आणणारे काका, सगळे मी करतो. एकदा सर बाहेर गेलेले आणि मॅडमही जागेवर नाहीत असं बघून मी चहावाल्या काकांना मॅडमची नक्कल करून दाखवली. वाकलो, गाल टेकवला, एक डोळा मिटला, आणि तृप्त आवाजात म्हणलं, "इथे... नाही." काका हसता हसता एकदम थांबले. मी ओळखलं. मान तशीच ठेवून वर बघितलं, तर मॅडम पाण्याची बाटली घेऊन उभ्या.

"डोळा चुकला," त्या म्हणाल्या. "मी उजवा मिटते. आणि 'नाही' म्हणताना श्वास सोडायचा नाही, आत घ्यायचा. कर बघू परत."

परत करावं लागलं. ह्यावेळी चांगली झाली. हसलं मात्र कुणी नाही. तेव्हापासून त्या मला करमाळा म्हणायला लागल्या. काय करमाळा, सापडला का घुमट, असं.

आमच्या ऑफिसात एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. प्रॉस्पेक्ट ज्याने शोधला त्याने तो मांडायचा नाही. दुसऱ्याने मांडायचा, आणि शोधणाऱ्याने समोर तोंड मिटून बसायचं. मांडणाऱ्याने त्यातल्या कच्च्या जागाही सांगायच्या. कंपनीपुढे नाव ऑफिसचं, कुणा एकाचं नाही. मी आलो तेव्हा सरांनी ह्याचं कारण एकदाच सांगितलं. "आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून खरं वाटलं, तर ते जमिनीत असतं. नाहीतर ते आपल्या तोंडातच असतं." मला हा नियम फार क्रूर वाटायचा. मी बोलण्यात हुशार. माझी अर्धी अक्कल तोंडात, आणि तीच भाड्याने द्यायची, तीही मॅडमना.

मग ते काम आलं. गुजरातमधली एक छोटी कंपनी, त्यांचा एक ब्लॉक, म्हणजे तेल शोधायला सरकारकडून मिळालेला जमिनीचा तुकडा, आणि पैसे एकाच विहिरीपुरते. आम्ही दोघांनी वेगवेगळं बघायचं, दोन प्रॉस्पेक्ट काढायचे, त्यातला एक कंपनी निवडणार. मला घुमट सापडला. छोटासा, गोंडस, पालथ्या कढईसारखा. आजोबांच्या नजरेतून सुटलेला. मॅडमना सापडली वाळू, चढावर संपणारी.

माझी पहिली विहीर होणार म्हणून मी घरी फोन केला. आमचे आण्णा कापडाच्या दुकानात कामाला. त्यांनी गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, पोराची विहीर खणतायत. करमाळ्यात विहीर म्हणलं की पुढचा प्रश्न एकच. गल्लीतल्या म्हाताऱ्या मला फोनवर विचारायला लागल्या, लागलं का पाणी.

त्याच दिवसांत मी मॅडमबरोबर मार्केट यार्डात गेलो होतो, सरांसाठी आंब्याची पेटी आणायला. त्यांच्या अब्बांचा तिथे गाळा आहे. मी वाटेत विचारलं, तुम्ही लहानपणी कलिंगडं ठोकून बघायचात का, म्हणजे आवाजावरून आतलं कळणं वगैरे. मला वाटलं, रहस्य सापडलं. मॅडम म्हणाल्या, "अब्बांना कलिंगडातलं काही कळत नाही. ते गिऱ्हाइकाकडे बघतात. ते पिकलंय का, एवढंच."

गाळ्यावर मॅडम पेटी निवडायला आत गेल्या तेव्हा अब्बांनी मला स्टूल दिलं आणि चौकशी सुरू केली. खाली काय दिसतं, कसं दिसतं. मग म्हणाले की यार्डात पोराने गाळा घेतला तर पाटीवर नाव येतं, मग ह्या कामात हिचं नाव कुठे येतं? मी म्हणलं, विहीर झाली की आमच्यातल्या आमच्यात कळतं ही कुणाची. त्यांनी विचारलं, हिची कुठली? मॅडम घरी होत्या त्या वर्षांत त्यांचं अर्धवट काम दुसऱ्यांनी पुरं केलं होतं. विहिरी झाल्या, पण त्यांच्या म्हणून एकही नाही.

"एक तरी होऊ दे बेटा हिची," अब्बा म्हणाले. "कोरडी निघाली तरी चालेल. पण हिची म्हणून निघू दे."

पेटी डोक्यावर घेऊन मी रिक्षापर्यंत आलो आणि वाटेत मला अब्बांचाही हेवा वाटला. आमच्या आण्णांना कोरडी चालली नसती.

मांडणीचा गुरुवार जवळ आला. माझा घुमट मॅडम मांडणार, त्यांची वाळू मी. सोमवारी त्या चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"करमाळा, तुझ्या घुमटाच्या डोक्यावर काय आहे?"

मी सांगितलं, चुनखडीचं एक ढेकूळ आहे, पसरट.

"टणक?"

मी हो म्हणालो आणि म्हणतानाच मला कळलं. टणक दगडातून आवाज जोरात धावतो. म्हणजे त्या ढेकळाखालून येणारा प्रतिध्वनी लवकर परत येतो. लवकर आला की चित्रात ती जागा वर उचलल्यासारखी दिसते. खाली सगळं सपाट असलं तरी घुमट दिसतो, अगदी गोंडस, पालथ्या कढईसारखा. हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात. आणि दरवर्षी आमच्यातलं कुणीतरी त्यात पडतं, कारण घुमट दिसला की वर बघायचं भानच राहत नाही.

"गुरुवारी मला हे सांगावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "तोवर तू बघून घे. मी चुकत असेन तर बरंच आहे."

त्या 'बरंच आहे'चा मला इतका राग आला. खरंच म्हणत होत्या त्या. जरासा खोटेपणा असता तर मी तो धरून बसलो असतो. मी ढेकळातला वेग धरून सगळं परत मांडलं. माझा घुमट न फुगलेल्या भाकरीसारखा तव्यावर पडला.

मी तडक सरांकडे गेलो आणि सांगितलं की माझा प्रॉस्पेक्ट मी मागे घेतोय. ह्यात मोठेपणा काही नव्हता. गुरुवारी सगळ्यांसमोर मॅडम त्यांच्या मऊ आवाजात माझा घुमट हळुवारपणे मारणार, ते मला बघवणार नव्हतं. निदान मारायचं काम तरी माझं राहू दे. सरांनी चष्मा काढला. "चूक आपण स्वतः शोधलीत?" मी म्हणलं, दोघांनी मिळून. "म्हणजे मॅडमनी," सर म्हणाले आणि चष्मा घातला.

राहिला एकच प्रॉस्पेक्ट, आणि तो मांडायचा मी. तेव्हा मी ठरवलं, ह्यात खोट काढायची. दोन दिवस मी मॅडमच्या वाळूवर असा बसलो जसा जावयाच्या घरी सासरा. वाळूच आहे कशावरून? शेल घट्ट आहे कशावरून? तेल येणार कुठून? मॅडम एकेका प्रश्नाला उत्तर देत गेल्या, न चिडता. मला एकच जागा सापडली. वाळूच्या वरच्या टोकाशी रेघा जराशा धूसर होत्या, बोटाने पुसल्यासारख्या. मी विचारलं, हे काय? मॅडमनी गाल टेकवला. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, नॉइज आहे, नुसता गोंगाट, बरोबर त्याच्यावर जमिनीवर कालवा आहे, तिथे दणके नीट बसले नसणार. मी म्हणलं, नक्की? "नक्की म्हणायला मी खाली जाऊन आलेले नाही," त्या म्हणाल्या, "पण नॉइज."

गुरुवारी कंपनीचे मेहतासाहेब आले. मी उभा राहिलो आणि एक विचित्र गोष्ट झाली. मला माझ्या आवाजात बोलताच येईना. ती वाळू माझ्या आवाजात बसत नव्हती. तिसऱ्या वाक्याला मॅडमचा आवाज आला, त्यांचे ते थांबे, ते न हसता बोलणं. चेष्टा नव्हती ती. दुसरी कुठली पद्धतच नव्हती ते सांगायची. "इथपर्यंत आहे," मी म्हणालो, श्वास आत घेतला, "आणि इथे नाही." मेहतासाहेब खुर्चीत पुढे सरकले. सर जमिनीकडे बघत होते. धूसर जागेबद्दल मी एका वाक्यात सांगितलं, वर कालवा आहे, नॉइज. मॅडम तोंड मिटून बसल्या होत्या, नियमाप्रमाणे.

संपल्यावर मेहतासाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. इतकं साफ चित्र फार दिवसांत बघितलं नाही म्हणाले, गाव कुठलं विचारलं, माझा नंबर घेतला. विहीर इथेच होणार. जाताना जिन्यात त्यांनी सरांना सांगितलं, हा पोरगा पुढे जाईल. सरांनी ऐकून घेतलं. नाव ऑफिसचं.

मी वर आलो तेव्हा मॅडम कागद गुंडाळत होत्या. "तोंड तुझं, वाळू माझी," त्या म्हणाल्या. "जमतंय आपलं."

विहीर सुरू झाली. रोजचा रिपोर्ट माझ्याकडे यायचा, कारण मेहतासाहेबांच्या दृष्टीने ती माझी होती. मॅडम सकाळी येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या. विचारायच्या काही नाहीत. मी स्क्रीन थोडी वळवायचो. खरं सांगतो, त्या काही आठवड्यांत मलाच कळेना मी काय मागतोय. सकाळी वाटायचं, तेल न लागता कोरडी निघू दे, एकदा तरी चुकू दे ह्यांना. संध्याकाळपर्यंत वाटायचं, माझ्या तोंडून गेलंय ते, खरं निघू दे.

फोन मलाच आला. विहिरीवरच्या माणसाने सांगितलं की वाळू लागली, जिथे सांगितली होती तिथेच, आणि सांगितल्यापेक्षा जाड. पण आत पाणी आहे. दगडाच्या कणांवर तेलाचे डाग आहेत, पुसट. बाकी पाणी.

मी फोन ठेवला. पहिल्या क्षणी मला हलकं वाटलं, घट्ट बूट काढल्यावर वाटतं तसं. मग मागे वळलो तर मॅडम उभ्याच होत्या.

"वाळू?"

"आहे."

"पाणी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"डाग?"

"आहेत."

त्या खुर्चीत बसल्या. म्हणजे तेल आलं होतं, राहिलं होतं आणि निघून गेलं, असं हळू, स्वतःशीच म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाडेकरू आपणहून घर सोडतो हे पुण्यात बसून पहिल्यांदाच ऐकतेय." मला हसू आलं. त्या कप विसळायला गेल्या. एक कप विसळायला लागतो त्यापेक्षा नळ बराच जास्त वेळ चालू होता.

आणि तेव्हा माझं जळणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा वाईट. माझा घुमट खणला असता तर खाली काहीच नसतं. भास होता तो. ह्यांची वाळू जमिनीखाली कुठल्या कुठे, कुणी कधी न बघितलेली, आणि ह्यांनी बिबवेवाडीत टेबलावर गाल टेकवून सांगितली तिथेच निघाली. मला त्यांच्यासारखं बरोबर ठरायचं नव्हतं आता. मला त्यांच्यासारखं चुकायचं होतं.

आण्णांना मी फोनवर सांगितलं, पाणी लागलं. त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

मेहतासाहेब परत आले ते हस्तांदोलन न करता. बसले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. विहीर तुमच्या शब्दावर केली, म्हणाले, आता बोला. मी तयारी केली होती. आणि लपवत नाही, मला त्यात थोडी मजाही येत होती. एवढ्या मोठ्या चुकीचा मालक म्हणून कुणी माझ्याकडे बघत होतं. चांगली भारदस्त चूक होती. मी उभा राहिलो आणि घसा साफ केला.

मागे खुर्ची सरकली.

"प्रॉस्पेक्ट माझा आहे," मॅडम म्हणाल्या.

आमच्या ऑफिसात हे वाक्य त्याआधी कुणी उच्चारलेलं नव्हतं. सरांनी चष्मा काढला. मॅडम पडद्याशी गेल्या आणि त्या धूसर जागेवर बोट ठेवलं. हा नॉइज नाही, म्हणाल्या, ही बारीक भेग आहे, वाळूच्या टोकातून वर गेलेली, तेल इथून निघून गेलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्याने विचारलं होतं. मी नॉइज म्हटलं. वर कालवा होता हे खरं. पण मला तो नॉइजच असायला हवा होता."

मॅडमनी मग भेगेच्या अलीकडची बाजू दाखवली. तीच वाळू, पण भेगेने तोडलेली, आणि तोडलेल्या जागी शेल आडवा आलेला. इथे अडलं असेल, म्हणाल्या. असेल, आहे म्हणत नाही. साहेबांनी फक्त त्यांचं नाव विचारलं. मॅडमनी पूर्ण नाव सांगितलं, शाहीन दस्तगीर बागवान, पाटीवर लिहिल्यासारखं सावकाश.

मी उभा होतो तो बसलो. वाळू त्यांची होतीच. आता पाणीही त्यांनी घेतलं. माझ्याकडे काही म्हणजे काही ठेवलं नाही.

पुढच्या महिन्यात मेहतासाहेबांनी त्यांना बडोद्याला बोलावून घेतलं, मोठ्या जागेवर. सर मॅडमना म्हणाले, जा, इथे मी आहे तोवर तुझं नाव कुणाला कळणार नाही. निरोपाला समारंभ नव्हता. अब्बांनी चिकूची पेटी पाठवली होती, ती आम्ही तिघांनी आणि चहावाल्या काकांनी संपवली. मॅडमनी जाताना मला दोनच गोष्टी सांगितल्या. रंग बंद करून बघत जा. आणि नकलांमध्ये सरांचा आवाज जरा वर लागतो.

नंतर बरेच दिवस काही नाही. मी मनात म्हणलं, बरं झालं, आता ऑफिसात मीच. सर एकदा चुकून मला 'तू' म्हणालेसुद्धा. गंमत म्हणजे त्याचं काही वाटलं नाही. शेजारी ऐकायलाच कुणी नव्हतं.

परवा दुपारी मोबाइल वाजला. मॅडमनी एक सेक्शन पाठवला होता, नवीन, कुठला ते लिहिलं नव्हतं. खाली मेसेज होता.

"इथे माझ्या हाताखाली बरीच हुशार मुलं आहेत. मी सांगते त्याला सगळी माना डोलावतात. कुणी जळत नाही. कामाची पंचाईत झाली आहे. बघ आणि सांग."

मी तो मेसेज पुन्हा वाचला. म्हणजे बाईंना पहिल्यापासून माहीत होतं.

चहा बाजूला ठेवला. सेक्शन मोठा करून उघडला. वाळू सुरेख होती, बघता क्षणी जळलो मी. मी खुर्ची पुढे ओढली आणि मनापासून त्यांची चूक शोधायला बसलो.